माती तपासणीची निविदा: दोनदा हुकली, तिसऱ्यांदा मिळाली

हुकलेल्या निविदेबद्दल माहितीच्या अधिकारात मागवलेला कागद हातात आला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर बसले होते. तीन पानं होती, पानाला दोन रुपये. शेवटच्या पानावर आमच्या नावापुढे गुणांचा तक्ता होता. यंत्रसामग्री २० पैकी १६. मनुष्यबळ २० पैकी १५. अनुभव २० पैकी १०. सादरीकरण १० पैकी ६. कार्यपद्धती व कामाचं नियोजन ३० पैकी ११. बेरीज ५८, आणि आर्थिक लिफाफा, म्हणजे आमच्या दराचा, उघडण्यासाठी किमान ७० लागत होते. कार्यपद्धतीच्या रकान्याशेजारी कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलं होतं: "स्फुरद – ब्रे पद्धत? जिल्ह्यातील जमिनी चुनखडीयुक्त."

मी मृदा विज्ञानात एम.एस्सी. केलेली. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वरच असतो. तिथे उपलब्ध स्फुरद, म्हणजे पिकाला घेता येणारा फॉस्फरस, ओल्सेन पद्धतीनेच काढायचा. ब्रे पद्धत आम्लधर्मी मातीसाठी, म्हणजे कोकणातल्या जांभ्या जमिनीसारख्या ठिकाणी. चुनखडीच्या मातीत ब्रेचं द्रावण ओतलं तर त्यातलं आम्ल चुन्यातच मरतं आणि आकडा चुकतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आमच्या प्रयोगशाळेत रोज ओल्सेननेच काम चालायचं. पण प्रस्तावात ब्रे होतं, कारण ते प्रकरण मी लिहिलंच नव्हतं. एका ओळखीच्या प्रयोगशाळेचा जुना प्रस्ताव मिळाला होता. त्यातली कार्यपद्धतीची बारा पानं उचलली, नाव बदललं आणि जोडली. वाटलं होतं, हे कोण वाचतंय!

कुणीतरी वाचलं होतं.

ही आमची दुसरी निविदा. पहिलीची गोष्ट त्याहून लहान आणि त्याहून जिव्हारी लागणारी.

शेतकऱ्याला त्याच्या मातीचा अहवाल देणारी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगडमधून सुरू झाली. बागायतीत अडीच हेक्टरच्या आणि जिरायतीत दहा हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचा, त्यातले बारा घटक तपासायचे: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेवरचा भार वाढला की नमुने गोळा करण्याचं आणि तपासण्याचं काम बाहेर देण्यासाठी निविदा निघते. आमची प्रयोगशाळा तालुक्याच्या गावची. मी, माझा भाऊ, तीन तंत्रसहायक. साखर कारखान्याचे आणि दोन शेतकरी उत्पादक कंपन्यांचे नमुने करून पोट भरत होतं. पण ऊस नसलेल्या, कंपनीत नसलेल्या शेतकऱ्याची माती आमच्याकडे येतच नव्हती. सरकारी काम हवं होतं ते त्यासाठीही.

पहिल्या निविदेत आम्ही तांत्रिक लिफाफ्यातच बाद झालो. अनुभवाचा पुरावा म्हणून मी कारखान्याच्या कार्यादेशांच्या प्रती जोडल्या होत्या. अट होती "काम समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राची". कार्यादेश म्हणजे काम मिळालं, पूर्णत्वाचा दाखला म्हणजे काम झालं. आणि तपासणाऱ्याला झालेल्या कामाचा कागद हवा असतो. कारखान्याने तो दाखला एका दिवसात दिला असता. मी मागितलाच नव्हता. शिवाय उलाढालीच्या सीए प्रमाणपत्रावर यूडीआयएन क्रमांक नव्हता. २०१९ पासून सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर तो अठरा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो आणि तो नसेल तर कागदाला किंमत नाही.

त्या वेळी मी काय केलं? घरी येऊन म्हटलं, "टेंडरं आधीच ठरलेली असतात." आमच्याकडे हे वाक्य जो तो म्हणतो. कुठे तसं होतच नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण माझ्या दोन्ही अपयशांची कारणं माझ्याच कागदांत होती, आणि दुसऱ्या वेळी माहिती मागवली नसती तर मी आयुष्यभर तेच वाक्य म्हणत बसले असते. म्हणून कुणाची निविदा हुकली की मी आधी एवढंच सांगते: माहिती अधिकाराचा अर्ज, म्हणजे जोडपत्र 'अ', भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि स्वतःच्या प्रस्तावाचा मूल्यांकन तक्ता मागा. दुसऱ्याचे दर मागू नका, ते व्यापारी गोपनीयतेत अडकू शकतात. स्वतःचे गुण मागा. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस आहेत. आम्हाला ते सव्विसाव्या दिवशी मिळालं.

तो तक्ता घेऊन मी आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेले. ते लेखा विभागातून निवृत्त झालेले, नोकरीत शेकडो निविदा त्यांच्या टेबलावरून गेलेल्या. त्यांनी तक्ता पाहिला, मग आमचा प्रस्ताव मागितला. दीडशे पानांचा गठ्ठा. त्यांनी तो उघडला आणि विचारलं, "पूर्णत्वाचा दाखला कुठल्या पानावर आहे?"

मी शोधायला लागले. चाळीस... बावन्न... शेवटी एकशे अकराव्या पानावर सापडला.

"किती वेळ लागला तुला?"

"दोन मिनिटं लागली असतील काका."

"तू लिहिलेला गठ्ठा आहे, तरी दोन मिनिटं. समितीसमोर असे सात गठ्ठे असतात. त्यांना दुपारी दुसरी बैठक असते. कागद सापडला नाही तर ते 'सापडला नाही' असं लिहीत नाहीत, 'नाही' असं लिहितात."

त्यांनी मला एक साधी सवय लावली. निविदेचा कागद छापून घ्यायचा. लाल पेनाने 'राहील', 'आवश्यक', 'बंधनकारक', 'सादर करावे' हे शब्द जिथे जिथे येतील तिथे खूण करायची. प्रत्येक खुणेची एक ओळ, चार रकाने: अट क्रमांक, काय मागितलंय, आम्ही काय देतोय, कुठल्या पानावर. तो तक्ता प्रस्तावाच्या अगदी पहिल्या पानावर. तिसऱ्या निविदेत अशा त्रेसष्ट ओळी निघाल्या. त्यांतल्या नऊ अटी पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. एक तर परिशिष्टातल्या नमुन्याच्या तळटीपेत होती.

तिसरी निविदा आली तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरला होता. सहा हजार नमुने. गुणांची रचना साधारण तीच, किमान ७०, आणि पात्र ठरलेल्यांत सर्वांत कमी दराला काम. मी भावाला म्हटलं, या वेळी कार्यपद्धतीचं एकही वाक्य उचलायचं नाही. आणि लिहायच्या आधी एक गाव करून बघायचं.

ते गाव करून बघणं हाच माझ्या मते सगळ्या प्रस्तावाचा कणा ठरला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाव निवडलं डोंगराकडचं, निम्मं मुरमाड, निम्मं काळं. शेतकऱ्यांची ओळख होती म्हणून परवानगीची अडचण आली नाही. दोघादोघांची दोन पथकं केली, कृषी पदविका झालेली गावातलीच पोरं. सकाळी साडेसहाला निघालो. एका चौकटीत नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, पंधरा सेंटीमीटर खोल, त्याच्या कडेची वरून खालपर्यंत सारखी चकती काढायची. सगळी माती एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत करत अर्धा किलो उरवायची. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची जागा टाळायची. कागदावर हे चार ओळींत मावतं. शेतात बघितलं तर एका नमुन्याला, पुढच्या शेतापर्यंतची वाट धरून, पस्तीस ते चाळीस मिनिटं लागत होती. साडेअकराला उन्हाने पोरांना हलवेना. पाच तासांत एका पथकाचे आठ नमुने झाले, दुसऱ्याचे सात.

दुसऱ्या प्रस्तावात मी पथकं लिहिली होती चार. सहा हजार नमुन्यांना, दिवसाला फार तर तीस. दोनशे दिवस! मृगाचा पाऊस सातव्या-आठव्या जूनला दारात येतो, आणि पेरणी झालेल्या शेतात नमुना घेता येत नाही. समितीतला एखादा कृषी अधिकारी तो आकडा बघून काय म्हणाला असेल याचा विचार करून मला त्या बांधावर उभ्या उभ्या कानकोंडं झालं. रब्बीची काढणी होऊन खरिपाची पेरणी होईपर्यंतची जी फट आहे, तिच्यातच हे काम बसवायचं. कार्यादेश मार्चअखेर आला तर हातात साठ दिवस. दिवसाला शंभर नमुने. पथकाला आठ धरले तर तेरा पथकं, आजारपण आणि लग्नसराई धरून पंधरा. म्हणजे तीस माणसं, दोन दिवसांचं प्रशिक्षण, पंधरा दुचाकी. हे सगळं मी प्रस्तावात एका पानावर मांडलं, गावातल्या त्या सकाळच्या नोंदींसह. कुठल्या शेतात किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता पिशवी बांधली, तसंच्या तसं.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या पथकातल्या पोराने माती मिसळायला घरून जस्ती पत्र्याचं घमेलं आणलं होतं. घराघरात तेच असतं. मी ते पाहिलं तोवर त्याचे तीन नमुने झाले होते. मराठवाड्याच्या जमिनीत जस्ताची कमतरता सर्रास आढळते. मातीत ते ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली गेलं की कमी समजायचं. एवढ्या बारीक मापाच्या गोष्टीत घमेल्याचं खरवडलेलं जस्त मिसळलं तर कमतरतेची जमीन कागदावर ठणठणीत दिसणार आणि शेतकरी झिंक सल्फेट टाकणार नाही. ते तिन्ही नमुने आम्ही तिथेच ओतले, नवे घेतले. प्रस्तावात साधनांच्या यादीत 'घमेलं' एवढंच न लिहिता 'प्लास्टिकचं घमेलं, जस्ती पत्र्याचं चालणार नाही' असं लिहिलं आणि त्याखाली कारणाची एक ओळ. चिठ्ठ्यांचंही तसंच. ओल्या मातीने पेनाची शाई फुटते, म्हणून पिशवीत एक आणि पिशवीवर एक अशा दोन चिठ्ठ्या, दोन्ही शिसपेन्सिलीने.

मग प्रयोगशाळेची आकडेमोड. इथे भाऊ आणि मी दोन रात्री भांडलो. त्याचं म्हणणं, आपली क्षमता रोज शंभर लिहून टाक, सगळेच लिहितात. मी म्हटलं, नत्राचं ऊर्ध्वपातन यंत्र आपल्याकडे एक आहे, एका नमुन्याला नऊ-दहा मिनिटं घेतं. तासाला सहा, आठ तासांत अठ्ठेचाळीस. दोन पाळ्या केल्या तरी शहाण्णव, तेही वीज एकदाही गेली नाही तर. दुसरं यंत्र घेतल्याशिवाय शंभर लिहायचे कसे? शेवटी दुसऱ्या यंत्राचं दरपत्रक आणि विक्रेत्याचं पंधरा दिवसांत पुरवण्याचं पत्र प्रस्तावाला जोडलं, जनरेटरच्या भाडेकराराची प्रतही. जस्त-लोह-तांबं-मँगनीज एकाच यंत्रावर होतात, पण दिवा बदलावा लागतो. म्हणून सोमवारी-मंगळवारी कुठलं मूलद्रव्य, बुधवारी कुठलं, असा आठवड्याचा तक्ता केला. तो तक्ता करताना लक्षात आलं की आपण काम मिळायच्या आधीच काम चालवून बघतोय.

एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेला दहा गुण होते आणि आमच्याकडे मान्यता नव्हती. तो रकाना झाकायचा मोह होतो. आम्ही सरळ लिहिलं: मान्यता नाही, अर्जाची तयारी सुरू आहे. त्याऐवजी वीस नमुने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फी भरून तपासून घेतले होते, त्यांचे आणि आमचे आकडे शेजारीशेजारी दिले. बोरॉनचे दोन नमुने बऱ्यापैकी फरकाने होते. तेही तसेच ठेवले आणि का झालं ते लिहिलं: प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेच्या भांड्यांत बोरॉन असतं, आता त्या तपासणीसाठी बोरॉनमुक्त भांडी घेतली आहेत. भावाला वाटलं हे लिहून आपण पायावर धोंडा पाडून घेतोय. मला आजही वाटतं की त्या पानाने आम्हाला गुण मिळवून दिले.

निविदापूर्व बैठकीला आम्ही पहिल्यांदाच गेलो. आधीच्या दोन्ही वेळी वाटायचं, तिथे मोठे लोक जातात. चौघेच होते. मी पाच प्रश्न लेखी नेले होते. निविदेत एका अटीत काम पूर्ण करण्याची मुदत नव्वद दिवस होती, दुसरीत एकशे वीस, नेमकी कुठली? शेतकऱ्यांची गटवार यादी कोण देणार आणि किती दिवसांत? खासगी साखर कारखान्याच्या कामाचा अनुभव ग्राह्य आहे का? शेतकरी शेतावर नसेल तर सही कुणाची? बिल नमुना गोळा झाल्यावर की पत्रिका वाटल्यावर? आठवड्याने संकेतस्थळावर शुद्धिपत्रक आलं, पाचही प्रश्नांची उत्तरं त्यात. शेवटच्या उत्तराने आमचं दराचं सगळं गणित बदललं. बिल पत्रिका वाटल्यावर मिळणार होतं, म्हणजे तीस माणसांची मजुरी आणि रसायनं आधी खिशातून.

दराबद्दल थोडकंच. आमच्या सीएने एक गोष्ट लक्षात आणून दिली. तुमची सेवा करमुक्त धरली जाणार असेल तर रसायनांवर, यंत्रावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चच होतो. तो दरात धरा. त्याचं मत मी लेखी घेतलं. सुरक्षा अनामत अडकून पडते, तिचं व्याज धरलं. बिलाला सहा महिने लागतील असं समजून खेळत्या भांडवलाचं व्याज धरलं. आलेला दर मला जास्त वाटला, छातीत धडधडलं, पण कमी केला नाही. शंभर नमुन्यांचं काम तोट्यात निभावता येतं. सहा हजारांचं काम तोट्यात घेतलं की कुठेतरी माती मोजलीच जात नाही, आणि तो दगा मला कुणाला द्यायचा नव्हता.

महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या निविदांच्या संकेतस्थळावर, निविदा भरण्याच्या दिवसाबद्दल नवख्यांनी जपावं अशा दोन-तीन गोष्टी आहेत. डिजिटल सही वर्ग-३ ची लागते आणि तिची मुदत आधी तपासा; आमच्या ओळखीच्या एकाची ऐन दिवशी संपली. दरपत्रकाची एक्सेल फाईल जशी उतरवली तशाच नावाने परत चढवायची, नाव बदललं की संगणक ती घेत नाही. आणि सगळे कागद चढवले म्हणजे निविदा भरली असं नसतं. शेवटचं 'फ्रीज' बटण दाबून पोचपावती निघाली तरच भरली. मुदत सोमवारी दुपारी तीनला संपत होती. आम्ही शनिवारी रात्री भरली, रविवारी सकाळी परत उघडून प्रत्येक पीडीएफ वाचता येते का ते बघितलं. काळ्या यादीत नसल्याचं स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र स्कॅन करताना नोटरीचा शिक्का अर्धा कापला गेला होता. ते बदललं, पुन्हा फ्रीज केलं.

सादरीकरणाला पंधरा मिनिटं होती. मी लॅपटॉप नेला, पण सोबत एक पिशवीही नेली: बांधलेला नमुना, आतली चिठ्ठी, बाहेरची चिठ्ठी, आणि ते जस्ती घमेलं. तिसऱ्या मिनिटाला समितीतल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी थांबवलं.

"मॅडम, यंत्रं सगळ्यांकडे असतात. मला एवढंच सांगा, तुमची पोरं एका झाडाखाली बसून एकाच शेतातून दहा पिशव्या भरणार नाहीत कशावरून?"

त्या प्रश्नाचीच मी वाट बघत होते. गावात गेलो होतो त्या दिवशी एका आजोबांनी तेच सांगितलं होतं: "मागं बी आलते की ताई, बांधावरनंच माती नेली. कागद काय आला न्हाई." अधिकाऱ्याची भीती आणि त्या आजोबांची तक्रार एकच होती. प्रस्तावाचं सातवं प्रकरण मी त्यावरच लिहिलं होतं आणि आता तेच उघडलं. प्रत्येक नमुन्याचा शेतकऱ्यासह फोटो, त्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळ, त्याच रात्री कार्यालयाला यादी. दोन नमुन्यांमध्ये वीस मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल तर ती ओळ आपोआप लाल. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग सहा महिने आमच्याकडे बंद पिशवीत. दर पन्नास नमुन्यांमागे एक नमुना कार्यालयाने स्वतः निवडायचा, त्याच जागेवर जाऊन पुन्हा माती घ्यायची आणि सरकारी प्रयोगशाळेत तपासायची. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर त्या दिवसाच्या त्या पथकाच्या सगळ्या नमुन्यांचं बिल आम्ही मागणार नाही. ही अट निविदेत नव्हती. आम्ही स्वतःहून घातली होती.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग घमेल्याकडे बोट करून विचारलं, "हे कशाला आणलंय?" मी सांगितलं. उरलेली नऊ मिनिटं फक्त मातीबद्दल बोलणं झालं.

चार निविदा आल्या होत्या. तांत्रिकमध्ये दोन पात्र ठरल्या. आमचे गुण ८१. बाद झालेल्यांचे आर्थिक लिफाफे उघडलेच नाहीत, त्यामुळे त्यांचे दर काय होते ते कुणालाच कळलं नाही. कदाचित आमच्याहून पुष्कळ कमीही असतील. उरलेल्या दोघांत आमचा दर थोडासाच खाली होता. कार्यादेश मार्चअखेर येईल असं धरलं होतं, तो आला नऊ एप्रिलला. पंधराची अठरा पथकं करावी लागली. दोन पथकं आम्ही स्वतःच मधेच बंद केली, यादीतल्या लाल ओळींमुळे. दहा जूनला पावसाने गाठलं तेव्हा पाच हजार सातशे नमुने आत आले होते. उरलेले पेरणी न झालेल्या उंचवट्यांवरून उघडीप मिळेल तसे घेतले. बिल सात महिन्यांनी निघालं. गणितापेक्षा एक महिना उशिरा, पण निघालं.

पत्रिका वाटायला मी त्याच डोंगराकडच्या गावात स्वतः गेले. त्या आजोबांच्या शेताचं जस्त ०.४ आलं होतं. मी त्यांना वाचून दाखवलं, झिंक सल्फेट किती आणि कधी टाकायचं ते सांगितलं. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"ही माझ्याच रानाची माती कशावरून, ताई?"

मी फोन काढला. फोटोत ते स्वतः, डोक्याला उपरणं, हातात पिशवी, मागे त्यांची विहीर. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग नातवाला हाक मारली आणि त्याच्या हातात कागद देऊन म्हणाले, "घडी घालून पासबुकात ठिव."